धापा की खापरा

घाटकोपरहून परत येताना मुलुंड स्टेशनबाहेरच्या भाजीच्या गाडीवर आज पुन्हा ते डबे दिसले. पारदर्शक प्लास्टिकचे, वरून चिकटपट्टी मारलेले, आत सगळं कापून भरलेलं. अळू, भेंडी, शिराळं, लाल माठ, कणसाचे तुकडे, सुरणाच्या फोडी. वर चिठ्ठी, 'ऋषीची भाजी, धुतलेली'. कुठल्या पाण्यात धुतलेली, ते काही लिहिलेलं नव्हतं. डब्याला आतून वाफ धरली होती आणि माठाचा रंग सुटून तळाशी लाल पाणी साचलं होतं.  दर भाद्रपदात हेच डबे. गणपती आले की लोकांना आनंद होतो आणि मला शिसारी येते, आणि ती का येते हे सांगायला बसले की आमचे दिलीपराव टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

तशी मी नाजूक बाई नाही. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझं निम्मं आयुष्य गेलंय. लोक सकाळी सकाळी नमुने आणून देतात, झाकण अर्धवट लावलेले, कधी चक्क श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, आणि तोंड दुसरीकडे फिरवून माझ्या हातात ठेवतात, जणू ते त्यांचं नव्हेच. मी माझं काम करते, हातमोजे काढते, हात धुते आणि बाजूच्या खोलीत बसून पोळीभाजी खाते. थुंकी, पू, शौच, कशानंही माझा घास अडकत नाही. ते आजारी माणसाचं असतं, त्याचा त्याला इलाज नसतो. मला किळस येते ती धडधाकट माणसांनी केलेल्या घाणीची, आणि ती करून वर सणाच्या शुभेच्छा पाठवणाऱ्यांची. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून ऋषींची चित्रं फिरतायत. दाढीवाले, पाठीमागे हिरवंगार रान आणि स्वच्छ नदी.

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, एवढा साधा नियम. नांगराशिवाय जे उगवतं ते खायचं. दिलीप म्हणतो, आता सगळीकडे ट्रॅक्टर आहेत, बैलाला कोण विचारतंय, म्हणजे बारा महिने ऋषिपंचमीच की. त्याला असले विनोद सुचतात. माझं माहेर ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातलं, आणि आमच्या घरात हा नियम जरा जास्तच ताणलेला होता. आमच्याकडे ऋषीच्या भाजीत मीठसुद्धा पडायचं नाही. मिठागरात राबणाऱ्या माणसांच्या पायांना भेगा पडतात, त्यात मीठ जातं, मग बैलाचे कष्ट नकोत आणि माणसाचे चालतात होय, असं कुणातरी जुन्या बाईनं एकदा म्हटलं आणि घरानं ते धरून ठेवलं. पण भाजी अळणी तर कशी खायची? म्हणून धापा. खाडीच्या काठाला, भरतीचं पाणी पोचतं तिथं, चिखलावर पसरणारी वेल. जाड, रसदार पानं, तांबूस देठ आणि भाद्रपदात गुलाबी फुलं, बोटाच्या पेराएवढीही नाहीत, चांदणीसारखी पाच टोकांची. पान चावलं की तोंडात समुद्र. मूठभर धापा चिरून टाकला की पातेलंभर भाजीला चव येते.

तेव्हा खाडी स्वच्छ होती, निळीशार होती, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. कसली निळीशार? आमच्या बंदरावर माशांची आतडी पडलेली असायची, त्यावर माश्या घोंघावायच्या, काठाला पोरं उकिडवी बसलेली असायची आणि वारा फिरला की गोवंडीच्या बाजूनं कचऱ्याचा धूर यायचा. घाण होतीच. पण ती घाण कुणाची आहे हे ठाऊक होतं. भरती यायची आणि सगळं घेऊन जायची, मग चिखल परत राखाडी, गुळगुळीत दिसायचा. त्यात गुडघाभर उतरून माझी आत्या धापा खुडायची, तिथंच पाण्यात खळबळायची आणि आम्ही खायचो. कुणाला काही झालं नाही.

झालं ते एकदाच, आणि ते धाप्यानं नाही. शेजारच्या नामाकाकाकडे नवी सून आली होती, घाटावरची. बिचारी भारी उत्साही. सासूनं सांगितलं, धापा घेऊन ये, गुलाबी फुलाची जाड पानांची वेल असते, तर ही शाळेच्या मागच्या पडीक जागेतून ओटीभर घेऊन आली. तिथं विटांचे तुकडे, चुना, पांढरी फुटलेली माती, आणि त्यावर अगदी तशीच वेल पसरलेली. फुलंही गुलाबीच, जरा फिकी. तो होता खापरा. आमच्याकडे ऋषीची भाजी वाटीवाटीनं सगळ्या गल्लीत जाते, त्यामुळे तिचा खापरा सगळ्या गल्लीनं खाल्ला. दुपारपासून संडासांपुढे जी रांग लागली ती लागली. मोठमोठे नाखवे, समुद्राला न भिणारे, टमरेल घेऊन एकमेकांना विनवत होते. मी पोटाशी पाय घेऊन कोपऱ्यात पडले होते आणि तरी मला हसू येत होतं. ती सून मात्र दार लावून रडत बसली होती.

दुसऱ्या दिवशी आत्या तिच्या दारात गेली. हातात दोन वेली. मला बरोबर घेतलं होतं, कारण मीही आज ना उद्या हीच चूक करणार, असं तिचं मत होतं. रागावली नाही. उंबऱ्यावर बसली आणि दोन्ही वेली मांडीवर पसरल्या. म्हणाली, पानं बघ. धाप्याची समोरासमोरची दोन पानं सारख्या मापाची, लांबट. खापऱ्याची जोडी विजोड, एक पान मोठं गोलसर, दुसरं पिटुकलं. फूल बघ. धाप्याचं फूल देठ काढून उभं राहतं, खापऱ्याचं पानाच्या बगलेत लपून बसतं, त्याला देठच नाही. मग वेल उचलून दाखवली. धाप्याला पेरापेराला मुळं फुटतात, चिखलाला धरत धरत तो पुढे जातो. खापरा एकाच जागी रुततो आणि तिथूनच हातपाय पसरतो. एकाच कुळातल्या दोघी, चुलत बहिणी म्हणा, एकीला भरतीचं पाणी लागतं, दुसरीला खारवट कोरडी माती पुरते. खापऱ्याची कोवळी पानं घाटावर खातातही, त्या सुनेच्या आईनंही रांधली असतील, पण जून झाला की तो पोट बिघडवतो. हे सगळं मी नंतर पुस्तकातही वाचलं, लॅटिन नावांसकट. आत्यानं सांगितलेल्यात एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि पुस्तकातल्यातही नव्हता.

तर ही माझी आत्या. हिरा तिचं नाव. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. मांडीचं हाड मोडलं तेव्हा मी तिला मुलुंडला आणलं, त्यानंतर ती शेवटपर्यंत आमच्याकडेच होती. खिडकीजवळच्या पलंगावर पडून असायची. आमची इमारत पूर्वेला, खाडीपासून फार लांब नाही, पण खिडकीतून दिसते फक्त समोरच्या टॉवरची पार्किंग. पूर्वेचा वारा सुटला की मात्र वास यायचा. सडक्या अंड्यांचा, गटाराचा, घशाला चिकटणारा. मी धावत जाऊन खिडकी लावायची, आणि आत्या म्हणायची, राहू दे गो, भरती लागली वाटतं. डोळे मिटून तो वास घ्यायची. मला मळमळायचं आणि तिला बरं वाटायचं. नाल्याचा वास आहे तो, हे मी एकदाही सांगितलं नाही. 

मला आठवतोय तो भाद्रपद तिच्या शेवटच्या आजारपणातला. ताप येऊन गेला आणि तिच्या तोंडाची चव गेली. काही खाईना. पेज नको, मऊ भात नको, तिच्या आवडीचा सुका जवळा दिला तर म्हणे माती लागते. अंगावरचं मांस उतरत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, पोटात जाईल ते जाऊ दे, नाहीतर नळी घालावी लागेल. नळी घातलेली माणसं मी पाहिली आहेत. मला ती तिच्या नाकात नको होती. मग एक दिवस तिनं स्वतःहून मागितलं.

"पंचमी आली ना गो? धापा घालून भाजी कर. ती खाईन मी."

आत्या काहीतरी खाते म्हणाली. मला एवढंच ऐकू आलं.

सगळ्यात आधी मी बाजारात गेले. भाजीवाल्या बाईकडे हेच डबे होते आणि शेजारी सुटे वाटे. एका वाट्यापुढे ती ओरडत होती, धापा घ्या, धापा. मला वाटलं जिंकलं. काडी उचलली, तर पानाची जोडी विजोड. एक मोठं, एक पिटुकलं. फूल बगलेत चिरडलेलं. कुठल्या तरी बांधकामाच्या मागून उपटून आणलेला जून खापरा, मुळांना सिमेंट चिकटलेलं. मी म्हटलं, बाई, हा धापा नाही, लोक आजारी पडतील. ती म्हणाली, ताई, खायची तर आहे, लग्न थोडीच लावायचंय तिच्याशी. आजूबाजूच्या बायका हसल्या. एकीनं माझ्यासमोर दोन वाटे घेतले, पिशवीत कोंबले आणि मोबाइलवर बोलत निघून गेली. मी तिच्या मागे जाऊन सांगितलं, तर म्हणाली, आमच्याकडे दरवर्षी हाच असतो. असेल. आपण तोंडात काय घालतो हे न बघणाऱ्या माणसांचा मला मनापासून वीट आला आहे. दिलीपनं घरी ॲप काढून त्या काडीचा फोटो घेतला. ॲपनं पहिल्यांदा एक नाव सांगितलं, उजेड बदलल्यावर दुसरं, आणि तिसऱ्यांदा कोरफड. 

हरतालिकेच्या सकाळी ओहोटी बघून मी खाडीवर गेले. मिठागरांच्या बाजूनं बांध धरून चालत. कधीकाळी तिथं चालताना पायाखाली मीठ कुरकुरायचं. आता पायाखाली काय होतं ते सांगते, म्हणजे तुम्हालाही मळमळेल आणि माझी सोबत होईल. लंगोट, मोठ्यांचे आणि लहानांचे. औषधांची पाकिटं. कोंबडीची पिसं भरलेली गोणी, फुटलेली. दुधाच्या पिशव्यांचा थर, त्यावर चिखल, त्यावर परत पिशव्यांचा थर. गेल्या वर्षीच्या मखराचं थर्माकोल, सोनेरी रंग अजून शाबूत. एक गणपतीचा हात, मोदकासकट. तिवरांच्या फांद्यांना भरतीच्या रेघेपर्यंत प्लास्टिक लटकलेलं. वास असा की नाकाला रुमाल लावून उपयोग नव्हता, तो तोंडानं आत जात होता. मी, जी शौचाचे नमुने हाताळून जेवते, मी तिथं वाकून ओकले.

आणि मान वर केली तर समोर धापा. केवढा! ट्रॉम्ब्याला जन्मात इतका माजलेला धापा पाहिला नव्हता. नाल्याचं तोंड जिथं खाडीत उघडतं, तिथून दूरवर हिरवा गालिचा, पानं बोटभर लांब, फुगलेली, आणि फुलं तर विचारू नका, गुलाबीच गुलाबी. पानांची जोडी सारखी. फुलाला देठ. पेरापेराला मुळं. खराखुरा, अस्सल, शंभर टक्के धापा. सगळ्या मुंबईचं पोट त्याच्या मुळाशी येत होतं आणि तो ते पिऊन माजला होता. त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता, त्याला जे मिळालं ते त्यानं खाल्लं. पण मला त्या फुलांची इतकी किळस आली की हात पुढे होईना. मग आत्याचा चेहरा आठवला आणि मी खुडला. पिशवीभर.

घरी आणून धुतला. पहिलं पाणी काळं. दुसरं काळं. मग राखाडी, त्यावर तेलाचा तवंग. मिठाच्या पाण्यात ठेवला, हळदीच्या पाण्यात ठेवला, नळाखाली पान अन् पान चोळलं. सगळं स्वयंपाकघर वासानं भरलं. शेवटचं पाणी दिसायला स्वच्छ होतं. पण मला सवय वाईट. ते पाणी बाटलीत भरून मी लॅबमध्ये नेलं, खालचा गाळ काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतांची अंडी होती. तपकिरी, जाड सालीची, मी रोज ज्यांच्या नोंदी करते तीच. मी काच काढून टाकली आणि हात धुतले. बाहेर पेशंट नंबर पुकारायची वाट बघत होते.

दिलीप म्हणाला, शिजवल्यावर मरेल की सगळं. अंडी मरतील, मान्य. पण त्या नाल्यात वरच्या कारखान्यांचं काय काय उतरतं, ते उकळून जात नाही. मग म्हणाला, अगं तू पण ना, बरणीतलं मीठ घाल आणि धापा म्हणून दे, तिच्या तोंडाला चव कुठे आहे. चिडले मी, पण केलं मी तेच. धापा कचऱ्याच्या डब्यात गेला. पंचमीला भाजी केली, अळू, माठ, भेंडी, शिराळं, आंबाडे, सगळं घालून, आणि बोटानं चिमूट चिमूट मीठ टाकत खाडीच्या चवीच्या जवळ नेऊन ठेवली. वाटी घेऊन पलंगाशी बसले. आत्याला उशीला टेकवून बसवलं. तिनं घास घेतला, जिभेवर घोळवला, गिळला. दुसरा घेतला. माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं चमचा खाली ठेवला.

"हे बरणीतलं मीठ हाय," ती म्हणाली.

 मी सगळं सांगितलं. बाजारातला खापरा, बांध, नाला, तो माजलेला धापा, काळं पाणी, काचेवरची अंडी. सांगताना आवाज चढत गेला, कारण मला संताप येत होता, या शहराचा आणि स्वतःचाही. आत्या मध्ये एकदाच बोलली. धापा सापडला ना, मग खाता का येत नाय, एवढं विचारलं. मी म्हटलं, खुडता येतो आत्या, खाता येत नाही. धुऊन नाही, शिजवूनही नाही. कधीच नाही.

तिनं भिंतीकडे तोंड केलं.  मग बोलली, आणि तिचा आवाज कोळीवाड्यातून कुणी गेल्याचा फोन आल्यावर लागायचा तसा लागला होता.

"मासा कमी झाला, आम्ही बोललो फिरून येईल. पानी काळं झालं, बोललो पाऊस धुऊन नेईल. काठचं पान तोंडात घालता येत नाय, म्हणजे गेली ती खाडी. कधी गेली गो? मना कुणी सांगितलं कसं नाय?"

  मी वाटी पुन्हा पुढे केली, म्हटलं, दोन घास खा, माझ्यासाठी खा, नाहीतर डॉक्टर नळी घालतील. तिनं वाटी हातानं बाजूला सारली. सुतकात सण करतात काय, म्हणाली. उचल ते. आणि पाणी ठेव तापत, मना आंघोळ करायची हाय.

आमच्याकडे जवळचं माणूस गेल्याचं कळलं की कळल्या क्षणी डोक्यावरून आंघोळ करायची, मग ते कुठंही, कधीही गेलेलं असो. दिलीप दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं सरळ जाऊन गॅसवर पातेलं ठेवलं. आम्ही दोघांनी तिला धरून मोरीपर्यंत नेलं आणि प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. दिलीप बाहेर गेला. मी तिचं लुगडं सोडलं. पाठीचे मणके मोजता येत होते. पहिला तांब्या मी तिच्या डोक्यावर रिकामा केला, विरळ पांढरे केस कपाळाला चिकटले आणि ती काहीतरी पुटपुटली, मला ते कळलं नाही.

पाणी तिच्या अंगावरून उतरलं, फरशीवरून वाहिलं आणि मोरीच्या जाळीतून खाली गेलं. मी जाळीकडेच बघत राहिले. तिथून ते आमच्या इमारतीच्या पाइपात, पाइपातून नाल्यात, आणि नाला कुठं उघडतो ते मी परवाच डोळ्यांनी बघून आले होते. जिच्या नावानं ही बाई आंघोळ करत होती, तिच्याच अंगावर आम्ही ते पाणी टाकत होतो, साबणाच्या फेसासकट. मला स्वतःची इतकी शिसारी आली की तांब्या हातात तसाच राहिला.

"थांबलीस का गो?" आत्या म्हणाली. "पाठ राहिली."

मी तांब्या पुन्हा भरला आणि तिच्या पाठीवर ओतला.